प्रमाणपत्र मातीचं असतं

बेंगळुरूच्या हेसरघट्टा रस्त्याला लागून असलेल्या या पॉलिहाऊसमध्ये सकाळी साडेसातला माणसांपेक्षा पंपाचाच आवाज जास्त आहे. कमरेच्या उंचीवर पांढऱ्या पीव्हीसी नळ्यांच्या रांगा, किंचित उतार दिलेल्या. नळीला वीतभर अंतरावर भोकं आणि भोकागणिक लेट्यूसचा एक गड्डा. वर प्लास्टिकचा कागद, बाजूंना कीड अडवणारी जाळी, मधूनमधून टांगलेले चिकट सापळे. पिवळ्यावर पांढरी माशी चिकटते, निळ्यावर फुलकिडे. दारात जंतुनाशकाचा ट्रे ठेवलाय, त्यात पाय बुडवल्याशिवाय आत प्रवेश नाही. आपल्याकडे शेतातून घरी आल्यावर पाय धुतात, इथे शेतात शिरण्याआधी.

मालकीण निपाणीच्या. धारवाडच्या कृषी विद्यापीठात शिकल्या, काही वर्षं नोकरी केली आणि आता हजार चौरस मीटरचं हे हरितगृह चालवतात. कामगारांशी कानडी, आईशी फोनवर मराठी आणि माझ्याशी दोन्ही मिसळून.

"काका, हे बघा की," म्हणत त्या एक गड्डा जाळीदार कपासकट वर उचलतात. खाली मुळांचा झुपका लोंबतोय, शेवयांसारखा पांढरा आणि ओला. मातीचा कण नाही. त्या तो नाकाशी नेतात. "वास नाही, म्हणजे बरं. वास आला की पिथियम लागलं समजायचं. मुळं तपकिरी पडतात, हाताला बुळबुळीत लागतात, आणि एका नळीतलं पाणी सगळीकडे फिरत असतं, त्यामुळे एक गेलं की रांग गेली." एप्रिलमध्ये टाकीतलं पाणी 25 अंशांच्या वर चढलं की पालक सगळ्यात आधी मान टाकतो, म्हणून बाई पालक थंडीतच घेतात.

शेडच्या कोपऱ्यात खरं स्वयंपाकघर आहे. दोन निळे ड्रम, ‘ए’ आणि ‘बी’. ‘ए’मध्ये कॅल्शियम नायट्रेट आणि लोहाचं चिलेट. ‘बी’मध्ये मॅग्नेशियम सल्फेट, मोनोपोटॅशियम फॉस्फेट, शिवाय चिमूटचिमूट बोरॉन, जस्त, मँगनीज. दोन्ही घट्ट द्रावणं एकत्र ओतली तर कॅल्शियम सल्फेट-फॉस्फेटशी जखडलं जातं आणि तळाला पांढरा साका बसतो, म्हणून दोघांचा संसार वेगळा. मोठ्या टाकीत भरपूर पाण्यातच त्यांची गाठ घालून देतात. एक पोरगा टाकीत मीटर बुडवून आकडे मोठ्याने वाचतो आणि वहीत लिहितो. ईसी, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, 1.3; पीएच 6.7. लेट्यूसला पीएच साडेपाच ते साडेसहाच्या आत लागतो. तो मापून फॉस्फोरिक अॅसिड ओततो, ढवळतो, पुन्हा मीटर बुडवतो. 6.1. मान डोलावतो.

"हे कॅल्शियम नायट्रेटचं पोतं दाखवलं," ड्रमशेजारच्या पांढऱ्या पोत्यावर थाप मारत बाई म्हणतात, "की सेंद्रिय प्रमाणपत्राचा विषय तिथेच संपला."

मग शेणखताचं पाणी का नाही सोडत? हा प्रश्न त्यांना दर पाहुण्याकडून ऐकावा लागत असणार, कारण उत्तर हसण्यापासून सुरू होतं. पहिल्या वर्षी त्यांनी एका रांगेत गाळलेलं जीवामृत सोडून पाहिलं होतं. चार दिवसांत नळ्यांना शेवाळी थर चढला, बारीक नळ्या तुंबल्या आणि शेजारच्या घरातून निरोप आला की काहीतरी मेलंय, बघा. गंमत बाजूला ठेवली तर कारण साधं आहे. शेणात, पेंडीत, मासळीच्या खतात नत्र असतं ते प्रथिनांत अडकलेलं. झाडाला ते बहुतांशी अमोनियम किंवा नायट्रेट होऊनच घेता येतं आणि हे रूपांतर जिवाणू करतात. जमिनीत त्यांची वस्ती आयती असते. स्वच्छ ठेवलेल्या टाकीत ती नसते; वसवायची तर वेगळा टप्पा, हवा आणि वेळ लागतो. मत्स्यपालनाला जोडलेल्या अॅक्वापोनिक्समध्ये तेच करतात. इथे त्या भानगडीत न पडता झाडाला तयार नायट्रेट वाढलं जातं.

पॅकिंगच्या टेबलाशी दोन अक्का बसल्यात. बाहेरची दोन पानं काढायची, मुळांचा झुपका कपासकट तसाच ठेवायचा, गड्डा पिशवीत सरकवायचा, स्टिकर लावायचं. स्टिकरवर हिरव्या अक्षरांत लिहिलंय: ‘हायड्रोपोनिक. रासायनिक कीटकनाशक फवारलेलं नाही.’ हायड्रोपोनिक म्हणजे मातीविना, द्रावणावर वाढवलेलं. तेवढ्यात बाईंचा फोन वाजतो. शहरातल्या एका दुकानाचा खरेदीवाला आहे. बोलणं कानडी-इंग्रजीत, पण ‘ऑर्गॅनिक’ हा शब्द तीनदा येतो आणि तिन्ही वेळा बाईंची मान नकारार्थी हलते. फोन ठेवून त्या सांगतात, "माल हाच पाहिजे म्हणतो, स्टिकर तेवढं बदला. भाव वाढवून देतो."

भावाचा मोह मोठा आहे, कारण गिऱ्हाईक घाबरलेलं आहे. 2023 मध्ये कर्नाटक सरकारच्या ‘एम्प्री’ या पर्यावरण संस्थेच्या पाहणीची बातमी आली: बेंगळुरूच्या बाजारातल्या भाज्यांमध्ये शिसं, कॅडमियम मर्यादेबाहेर. सांडपाण्यावर पिकणारी पालेभाजी या शहराला नवी नाही. अशा वेळी काचेच्या कपाटातलं चकचकीत लेट्यूस आणि वर ‘ऑर्गॅनिक’ अशी अक्षरं दिसली की माणूस भाव विचारत नाही. पण कायदा विचारतो. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे ‘एफएसएसएआय’ने, 2017 मध्ये सेंद्रिय अन्नाचे नियम आणले. एखादा पदार्थ सेंद्रिय म्हणून दुकानात मांडायचा तर त्याला ‘एनपीओपी’ या राष्ट्रीय सेंद्रिय कार्यक्रमाचं किंवा ‘पीजीएस-इंडिया’ या शेतकरी-गटांच्या व्यवस्थेचं प्रमाणपत्र हवं आणि पाकिटावर ‘जैविक भारत’चं चिन्ह हवं. आणि या दोन्ही व्यवस्थांचा सगळा डोलारा जमिनीवर उभा आहे: रूपांतराचा काळ, फेरपालट, कंपोस्ट, शेजारच्या शेतातून औषध उडून येऊ नये म्हणून राखलेला पट्टा. संश्लेषित खताला त्यात मुळीच थारा नाही.

हा पेच फक्त आपला नाही. युरोपीय संघाने हायड्रोपोनिक पिकाला सेंद्रिय म्हणायला थेट बंदी घातलीय. तिथे पीक जिवंत मातीतच वाढायला हवं. अमेरिकेत उलटं झालं. 2017 मध्ये तिथल्या राष्ट्रीय सेंद्रिय मानक मंडळात बंदीचा ठराव 8 विरुद्ध 7 मतांनी पडला, मातीवाले शेतकरी कोर्टात गेले आणि 2022 मध्ये अपिलातही हरले. एका मताने ठरलेली गोष्ट म्हणजे तिथेही जवळपास अर्धी माणसं बाईंच्या पोऱ्यासारखी मान डोलावत नव्हती.

चहा येतो आणि चहाबरोबर शेजारचे गौडरूही येतात, हातात राजगिऱ्याच्या पाल्याची जुडी घेऊन. मुळांना लाल माती चिकटलेली. नाचणी आणि पालेभाज्या घेतात, ‘पीजीएस’च्या गटात आहेत. या पद्धतीत गटातले शेतकरीच एकमेकांच्या शेतांची तपासणी करतात. रासायनिक खत बंद केल्यानंतरची पहिली वर्षं त्यांना आठवतात: उत्पन्न खाली आलेलं आणि भाव मात्र साध्या भाजीचाच, कारण प्रमाणपत्र अजून हातात नाही. मला त्यांच्या बोलण्यात जगभरचा हिशेब ऐकू येतो. 2012 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका मोठ्या तुलनेत सेंद्रिय शेतीचं उत्पन्न सरासरी 25 टक्के कमी भरलं होतं; पीक, पाणी, जमीन यांवर ही तूट कधी 5 टक्क्यांवर येते, कधी 34 वर जाते. सेंद्रिय मालाला मिळणारा जादा भाव म्हणजे ही तूट आणि ही वर्षं यांची भरपाई. ती भरपाई प्लास्टिकच्या नळीतल्या भाजीने खाल्ली तर गौडरूंनी चिडू नये तर काय करावं? ते चिडत नाहीत. बाईंकडे बघून म्हणतात, "ही मुलगी सरळ आहे. बाकीचे स्टिकर बदलतात." मग चहा बशीत ओततात.

आता उत्पन्नाचं. ‘दहापट उत्पादन’ ही या धंद्यातली आवडती जाहिरात आहे आणि ती निव्वळ थाप नाही. अॅरिझोनात 2015 च्या एका अभ्यासात लेट्यूसचं गणित मांडलं गेलं: चौरस मीटरमागे वर्षाला हायड्रोपोनिकमध्ये 41 किलो, जमिनीत 3.9. किलोमागे पाणी 20 लिटर विरुद्ध 250. जाहिरात इथे थांबते. पुढची ओळ अशी की किलोमागे ऊर्जा 90,000 किलोज्यूल, जमिनीत 1,100. त्यातला बहुतेक भाग हरितगृह गरम-थंड ठेवण्यावर गेलेला. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून 900 मीटरवर, हवा मवाळ; इथे या शेडला ना पंखे आहेत ना कूलिंग पॅड, जाळीतून वारा येतो-जातो. तो खर्च इथे लागत नाही, म्हणून अॅरिझोनाचा आकडा जसाच्या तसा इथे चिकटवायचं कारण नाही. ना विजेचा, ना उत्पन्नाचा. बाई स्वतः दहापट म्हणत नाहीत. "लेट्यूस, बेसिल, पाकचोय यांचं बोला. तूर घ्या म्हणाल या नळीत, तर मी हात जोडीन."

पाण्याचा हिशेब मात्र इथे जमतो, आणि मला तो या शेडमधला सगळ्यात देखणा भाग वाटतो. बोअरचं पाणी जड आहे. ते आरओतून काढायचं तर बराच वाटा फेकून द्यावा लागतो आणि बचतीची बढाई गटारात जाते. म्हणून बाईंनी छपराच्या पन्हळी एका अस्तर लावलेल्या तळ्यात उतरवल्यात. बेंगळुरूचा पाऊस वर्षाला साधारण 970 मिलिमीटर, म्हणजे छपराच्या दर चौरस मीटरवर 970 लिटर. अॅरिझोनाचा आकडा निव्वळ अंदाजापुरता धरला तर 41 किलोला 820 लिटर लागतात. थोडं उडून जाईल, थोडं वाहून जाईल, तरी छप्पर आपल्या पोटापुरतं जवळपास कमावतं. मार्च 2024 मध्ये या शहरात पिण्याचं पाणी बागेला घातलं तर 5,000 रुपये दंड होता, हे लक्षात ठेवून हा आकडा वाचावा.

सव्वानऊला वीज जाते. पंप थांबतो आणि पहिल्यांदाच बाहेरच्या कोंबड्याचा आवाज आत ऐकू येतो. पोरगा धावत इन्व्हर्टरकडे जातो. जमिनीतल्या भाजीला वीज गेल्याचं कळतही नाही. इथे नळीत पाण्याचा जेमतेम पापुद्रा असतो, दुपारच्या उन्हात तासभर पंप बंद राहिला तर पानं लोळागोळा. पंप पुन्हा घरघरतो. गौडरू मिशीत हसतात.

सेंद्रिय नसणं हा या लेट्यूसमधला दोष नाही. कमी पाण्यात, औषधाच्या फवाऱ्याशिवाय आलेली ती चांगली भाजी आहे आणि तिचा तिचा भाव मागायला तिला दुसऱ्याचं नाव लागत नाही. म्हणून बेंगळुरूतल्या मल्लेश्वरमच्या दुकानात असो की पुण्याच्या, ‘ऑर्गॅनिक’ लिहिलेलं पाकीट उचललंत तर उलटून ‘जैविक भारत’चं चिन्ह शोधा. नसेल तर त्या शब्दाचा जादा पैसा देऊ नका. आणि पाकिटावर ‘ऑर्गॅनिक’ व ‘हायड्रोपोनिक’ दोन्ही शब्द शेजारी शेजारी दिसले, तर दुकानदाराला प्रमाणपत्र दाखवायला सांगा.