पदरावर काय घ्यावं?

काश्मिरी शालीचा युरोपातला बाजार कशाने बसला, याचं ठरलेलं उत्तर १८७०-७१चं फ्रान्स-प्रशिया युद्ध हे आहे. फ्रान्स हे सर्वांत मोठं गिऱ्हाईक. ते हरलं, खंडणी भरत बसलं, मागणी आटली. त्यानंतर १८७७ ते १८७९च्या दुष्काळाने काश्मिरातल्या विणकरांची उरलीसुरली वाताहत केली. हे सगळं खरं आहे, पण या उत्तरात शाल पांघरणारी बाई कुठेच दिसत नाही. शालीची खरी कहाणी तिच्याकडून पाहिली की वेगळीच लागते. अठराव्या शतकाच्या शेवटी पॅरिसमध्ये अंगाला चिकटणाऱ्या पातळ मलमलीच्या झग्यांची टूम निघाली. त्या मलमलीत थंडी भागेना, म्हणून वर काश्मिरी शाल आली. मलमल हिंदुस्थानची आणि तिची थंडी भागवणारी शालही हिंदुस्थानचीच. नेपोलियनची जोसेफिन तर शालींसाठी पुरती वेडी होती. पुढे घागरा पिंपासारखा चहूबाजूंनी फुगला, तेव्हाही शाल टिकली. उलट तिला पसरायला ऐसपैस मैदान मिळालं. मग १८७०च्या सुमारास घागऱ्याचा घेर पुढून आटला आणि सगळा मागे, कमरेखाली उंचवटा करून जमा झाला. झालरी, चुण्या, फिती, सगळी कलाकुसर पाठीमागे. आता खांद्यावरून शाल सोडली की नेमकं तेच झाकलं जाऊ लागलं. तिच्या जागी डोलमन नावाचा अर्धा कोट, अर्धी शाल असा प्रकार आला. तो मागे आखूड आणि पुढे लांब टोकांचा असे, म्हणजे पाठीमागचा उंचवटा मोकळा राही. घरोघरच्या जुन्या काश्मिरी शाली कापून त्यांचे डोलमन शिवले गेले. असे कापलेले नमुने युरोपातल्या संग्रहालयांत आजही आहेत. कापणाऱ्यांना शालीचा कंटाळा आला असता तर त्यांनी ती टाकून दिली असती. त्यांना शालीचं कापड हवं होतं, तिचा आकार नको होता.

या एका बदलातून एक नियम निघतो आणि माझ्या मते संध्याकाळच्या कुठल्याही पोशाखाला तो लागू पडतो. आधी पोशाखाचं वैभव कुठे आहे ते पाहावं आणि पांघरुणाने ती जागा सोडावी. आपल्याकडे लग्नाच्या स्वागत समारंभात, नाटकाला, मैफलीला रेशमी साडीवर काहीतरी घ्यायची वेळ येते तेव्हा बहुतेक जणी उलट करतात. आधी कपाटातली उबदार वस्तू शोधतात आणि मग ती साडीच्या रंगाशी जुळवतात. रंग जुळतो, पण साडी दिसेनाशी होते.

म्हैसूरची साडी या बाबतीत फार चांगला धडा देते, कारण तिचं वैभव कुठे आहे हे चटकन सांगता येत नाही. पैठणीचं सांगता येतं, ते पदरात आहे. पारंपरिक म्हैसूर सिल्क मात्र बहुधा एकरंगी असते. अंगभर बुट्टे नाहीत, मोर नाहीत, फक्त जरीचे काठ आणि पदराला जरीचे पट्टे. नाल्वडी कृष्णराज वडियारांच्या काळात, १९१२ साली, म्हैसुरात रेशमी कापडाचा कारखाना निघाला. तोच आज कर्नाटक रेशीम उद्योग महामंडळाकडे आहे. तिथल्या क्रेपची करामत सुतात आहे. बाण्याच्या सुताला भरपूर पीळ दिलेला असतो, कुठे उजवा, कुठे डावा. उलटसुलट पिळाचे धागे आळीपाळीने विणले जातात. विणताना रेशमावर त्याचा नैसर्गिक डिंक असतो, त्यामुळे पीळ जागेवर दबून राहतो. कापड उतरल्यावर साबणाच्या कढत पाण्यात तो डिंक काढतात आणि त्याच्याबरोबर कापडाचं सुमारे चौथा हिस्सा वजनही जातं. डिंक गेला की दाबून ठेवलेला पीळ मोकळा होतो, धागा दोन्ही बाजूंना आळोखेपिळोखे देतो आणि कापडावर ती बारीक, वाळूसारखी रवाळ सुरकुती येते. म्हणून म्हैसूर सिल्क कांजीवरमसारखी ताठ उभी राहत नाही, अंगावरून ओघळते. तिचं वैभव त्या ओघळण्यात आहे. काठाची जर महामंडळाच्या सांगण्यानुसार ६५ टक्के चांदी आणि ०.६५ टक्के सोन्याची असते. ती जड जर खाली ओढते आणि वरचं हलकं कापड तिच्यामागे जातं. अशा साडीवर लोकरी स्वेटर घालणं म्हणजे हे वाहणं कमरेवर अडवणं. स्वेटरची खालची किनार जिथे संपते तिथे पदर चेंगरतो, फुगतो आणि निऱ्यांपासून खांद्यापर्यंतची सलग रेघ मोडते. मग कारखान्याने एवढा पीळ कशासाठी दिला, असंच विचारावंसं वाटतं.

याच शहरात जगनमोहन पॅलेसमधल्या चित्रसंग्रहात या प्रश्नावरचा सर्वांत भरीव पुरावा टांगलेला आहे. राजा रविवर्म्याचं १८८९च्या सुमाराचं ‘गॅलक्सी ऑफ म्युझिशियन्स’ हे चित्र म्हैसूर दरबारासाठी केलेलं. वेगवेगळ्या प्रांतांच्या अकरा स्त्रिया एकत्र जमल्या आहेत. वीणा घेतलेली नायर स्त्री आहे, नऊवारीतली मराठी स्त्री आहे, मागे हॅट घातलेली एक युरोपीय वळणाची बाईही उभी आहे. कलेचे अभ्यासक या चित्राकडे एकात्म हिंदुस्थानचं स्वप्न म्हणून पाहतात, आणि ते बरोबरही असेल. मला मात्र हे चित्र खांद्यांचं चित्र वाटतं. कोण कुठली हे रविवर्मा चेहऱ्यावरून फारसं सांगत नाही. त्याच्या स्त्रियांचे चेहरे बरेचसे एकाच साच्यातले असतात, हा आक्षेप जुनाच आहे. ओळख पटते ती खांद्यावरून: कुणी वरचं वस्त्र कसं घेतलं, कुठून काढलं, कुठे सोडलं यावरून. नायर स्त्रीचं नेरियतु हे स्वतंत्र वस्त्र आहे, तर मराठी स्त्रीचा पदर साडीचाच भाग. पण दोन्हींचं काम एकच, अंग झाकायचं आणि झाकताना ओळख सांगायची. थोडक्यात, आपल्याकडे पांघरूण पोशाखातच विणलेलं आहे. त्यावर आणखी एक पांघरूण आलं की दोघांत भांडण होणारच, आणि बहुतेक वेळा हरतो तो पदर.

त्याच संग्रहात सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगचित्र आहे. अनेक जण ते रविवर्म्याचंच समजतात; म्हैसुरात जाणाऱ्या मराठी माणसाने तरी हा गैरसमज करून घेऊ नये. १९४५-४६च्या सुमाराचं हे चित्र, आणि समोर उभी होती चित्रकाराची मुलगी. आपल्या प्रश्नापुरती त्यातली एक गोष्ट महत्त्वाची आहे: उजेड कुठून येतो. तिने ज्योतीपुढे तळहात धरला आहे, बोटांच्या फटींत तांबूस उजेड साचला आहे आणि तिथून तो चेहऱ्यावर व साडीवर चढतो. संध्याकाळचा पोशाख दिवसाच्या कपड्यांपेक्षा वेगळा ठरतो तो इथे. उजेड कमी असतो, एका बाजूने येतो आणि पृष्ठभागाची परीक्षा घेतो. रेशीम तो उजेड परतवतं, जर त्याहून जास्त, आणि जाड लोकर तो गिळून टाकते. दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली साडीशी तंतोतंत जुळलेली शाल हॉलच्या पिवळ्या उजेडात मळकी दिसते, त्याचं कारण हेच. म्हणून पांघरुणाचा रंग जुळवण्यापेक्षा त्याची चमक जुळवणं जास्त गरजेचं आहे. पश्मिन्याचा तंतू इतका बारीक असतो, साधारण १२ ते १६ मायक्रॉन, की त्याला स्वतःची मऊ झळाळी असते. रेशमाशेजारी तो खपून जातो. साध्या लोकरीला ते जमत नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: थंडी वाजत असताना कसलं वैभव? आक्षेप रास्त आहे, पण त्याचं उत्तर आनंदीबाई जोशींनी १८८३ सालीच देऊन ठेवलं आहे. पेनसिल्व्हेनियातल्या हिवाळ्यात नऊवारीत पाय उघडे पडू लागले तेव्हा त्यांनी गुजराती पद्धतीची साडी नेसायला सुरुवात केली. १८८५ सालच्या, जपानी आणि सिरियन विद्यार्थिनींबरोबरच्या त्यांच्या प्रसिद्ध फोटोतही त्या साडीतच आहेत. थंडीवरचा उपाय त्यांनी नेसण्यात शोधला, म्हणजे पोशाखाच्या आत. म्हैसूर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरहून उंच असलं तरी डिसेंबर-जानेवारीत तिथलं किमान तापमान सरासरी १६ अंशांच्या आसपासच असतं. एवढ्या थंडीला लांब बाह्यांचं, अस्तर लावलेलं ब्लाउज पुरतं. ऊब आतून घ्यावी, म्हणजे वरून घ्यायचं ते निव्वळ शोभेपुरतं उरतं. बोस्टनच्या हिवाळ्यातल्या समारंभाची गोष्ट वेगळी. तिथे ओव्हरकोट हवाच, पण तो दारात काढून ठेवायचा असतो.

दुसरा आक्षेप थोरल्यांचा: खांदे झाकलेले बरे. मान्य. मग पदर उजव्या खांद्यावरून पुढे आणावा. आपल्या आज्या-पणज्या दोन्ही खांद्यांवर पदर घेत आणि त्यांच्या नऊवारीचं सौंदर्य त्याने रेसभरही कमी झालं नाही. तिसरा आक्षेप नव्या मुलींचा, की आम्ही गाऊन घालतो. नियम तोच राहतो. गळ्यावर काम असेल तर मागून घेतलेली शिफॉनची ओढणी. पाठ उघडी आणि तिथेच सगळी नजाकत असेल तर कमरेच्या वर संपणारं आखूड जाकीट, तेही पुढून उघडं. घेरात वैभव असेल तर काहीही घ्या, फक्त ते कंबरेखाली जाऊ देऊ नका.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगायला हवी. घराघरांत सत्कारात मिळालेल्या शालींची चळत असते, आणि ‘नाहीतर पडूनच आहे’ म्हणून त्यातलीच एक साडीवर येते. ती शाल व्यासपीठावर, दुरून दिसावी म्हणून भडक केलेली असते आणि तीन मिनिटं खांद्यावर राहावी एवढाच तिचा हेतू असतो. म्हैसूर सिल्कवर तिच्याइतकं विजोड दुसरं काही नाही.

मग घ्यावं काय? म्हैसूर सिल्कवर साडीच्या काठाइतक्याच शांत रंगाचा, सुमारे ७० सेंटिमीटर रुंद पश्मिना किंवा रेशमी स्टोल. तो उभा दुमडून उजव्या खांद्यावर टाकावा किंवा दोन्ही कोपरांवर मागून सैल सोडावा, म्हणजे डावीकडचा पदर आणि निऱ्यांची रेघ दोन्ही मोकळे राहतात. पैठणीवर मात्र पाठीवर काहीच घेऊ नये; स्टोल हातावरच ठेवावा. आणि खरेदीला जाताना साडी बरोबर न्यावी, दुकानाच्या दारात उभं राहून संध्याकाळच्या उजेडात दोन्ही एकत्र धरून पाहावं. दुकानदार कुरकुरला तरी हरकत नाही.