वाहनाच्या योग्यतेची परीक्षा

‘योग्य’ हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो. परंतु त्याचे मूळ गाडीच्या जुवाशी जाऊन पोहोचते, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. ‘युज्’ म्हणजे जोडणे, जुंपणे. आणि ‘योग्य’ म्हणजे जुंपण्यास लायक. संस्कृतात गाडीस जुंपावयाच्या जनावरालाही ‘योग्य’ अशी संज्ञा आहे. आमच्या परिवहन कार्यालयातून मालमोटारींना, बसगाड्यांना व रिक्षांना जो दाखला मिळतो, त्यास सरकारी मराठीत ‘योग्यता प्रमाणपत्र’ म्हणतात. सरकारी शब्द पुष्कळदा ओबडधोबड असतात. हा मात्र चपखल बसला आहे.

मुळशी खोऱ्यातील शेतकरी पूर्वी भाताची पोती लादून गाडी बाहेर काढण्याआधी चाकाची धाव ढिली झाली आहे काय, आऱ्यांस तडा गेला आहे काय, कण्याला वंगण पुरेसे आहे काय, हे स्वतः वाकून पाहत असे. आज त्याच खोऱ्यातून चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पौड आणि पुढे धरणाच्या काठाने ताम्हिणी घाट उतरून कोकणात जाणाऱ्या रस्त्यावर मोटारींची रीघ असते. या मोटारींच्या मालकांपैकी किती जणांनी निघण्यापूर्वी वाकून चाकांकडे पाहिलेले असते? दसऱ्याला झेंडूचा हार घालताना आपण गाडीजवळ जातो खरे. पण तेव्हाही दृष्टी हाराकडे असते, टायराकडे नसते.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. भाड्याने माणसे अगर माल नेणाऱ्या गाडीची सक्तीने तपासणी व्हावी, हे तत्त्व १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातही होते. सध्याच्या १९८८ च्या कायद्यात ते ५६ व्या कलमात आले आहे. अशा गाडीस योग्यतेचा दाखला मुदतीत असलाच पाहिजे; तो नसेल तर तिची नोंदणीच वैध समजली जात नाही. नव्या गाडीस पहिला दाखला दोन वर्षांचा मिळतो. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी तो नवा करून घ्यावा लागतो. ही झाली पिवळ्या पाटीच्या वाहनांची गोष्ट. पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे घरगुती गाडीची नोंदणी एकदम पंधरा वर्षांची होते आणि तोवर तिला कोणीही परीक्षेस बोलावीत नाही. पंधरा वर्षे भरल्यावर तपासणी होऊन नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढते. विजेवर चालणाऱ्या गाड्यांची पाटी हिरवी असते. तिच्यावरील अक्षरे पिवळी असल्यास गाडी भाड्याची, पांढरी असल्यास घरची, एवढे ओळखता आले म्हणजे पुरे.

या ठिकाणी एक गैरसमज दूर केला पाहिजे. पेट्रोलपंपावर धूर तपासून जो कागद मिळतो, तीच गाडीची तपासणी होय, असे अनेक सुशिक्षितही समजतात. तो कागद केवळ धुरापुरता आहे. गाडी एक वर्षाची झाली म्हणजे तो घ्यावा लागतो. अलीकडच्या गाड्यांना तो वर्षभर चालतो, जुन्या प्रदूषण-मानकाच्या गाड्यांना सहाच महिने. तो बरोबर नसल्यास दंड जबर आहे, म्हणून तो जवळ बाळगावाच. परंतु त्या यंत्राला ब्रेक लागतात की नाही याची वार्ताही नसते.

खऱ्या तपासणीत ब्रेक, सुकाणू, दिव्यांचा झोत, मागचे व बाजूचे दिवे, परावर्तक, आरसे, काच, काच पुसणारे वायपर, भोंगा, सायलेन्सर, वेगदर्शक आणि धूर, इतक्या गोष्टी पाहावयाच्या असतात. आता इतके सारे पाहावयाचे तर वेळ लागणार. आणि वेळ नसला की परीक्षक काय करतो, हे आम्हां शिक्षकांस कोणी सांगावयास नको. उत्तरपत्रिका न वाचता गुण देण्याचा तो प्रकार होय. पुण्याचे श्रीकांत कर्वे यांनी नेमक्या याच दुखण्यावर मुंबई उच्च न्यायालयात २०१३ साली जनहित याचिका दाखल केली. जड वाहनास वेग देऊन ब्रेक मारून पाहण्याइतकी जागाच जेथे नाही, तेथे ब्रेकची परीक्षा होते तरी कशी, असा सरळ प्रश्न त्यातून उभा राहिला. न्यायालयाने अडीचशे मीटर लांबीचा चाचणीमार्ग आवश्यक ठरविला आणि नोव्हेंबर २०१७ पासून असा मार्ग नसलेल्या कार्यालयांत दाखले देणे थांबले. पुण्याच्या गाड्या मग दिवे घाटावरील मार्गावर जाऊ लागल्या. पौडच्या टेंपोवाल्याने सारे पुणे शहर ओलांडून तेथवर जावयाचे म्हणजे दिवस मोडणार. त्याची कुरकुर आम्ही ऐकली आहे आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. तथापि एक दिवस मोडणे आणि घाटात ब्रेक न लागणे यांची तुलनाच होऊ शकत नाही.

मनुष्याऐवजी यंत्राने परीक्षा घ्यावी, हा विचार यानंतर जोर धरू लागला. महाराष्ट्रात नाशिक येथे असे आदर्श केंद्र पुण्याच्या ‘एआरएआय’ या संस्थेच्या तांत्रिक साह्याने उभे राहिले. ही संस्था मुळशीकरांच्या वाटेवरच, कोथरूडच्या टेकडीवर आहे. परंतु तेथे नव्या नमुन्याच्या गाड्यांची परीक्षा होते, आपल्या घरच्या गाडीची नव्हे. केंद्र सरकारने २०२१ च्या सप्टेंबरात स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम केले. व्यावसायिक गाड्यांस त्यांची सक्ती २०२३ च्या एप्रिलपासून व्हावयाची होती. ती पुढे ढकलून ऑक्टोबर २०२४ ठरविली गेली.

यंत्राचा लाभ कोणता, ते एका उदाहरणाने सांगतो. गाडीची चाके लोखंडी रुळांवर ठेवून रूळ फिरवितात आणि ब्रेक दाबावयास सांगतात. प्रत्येक चाकाने रुळास किती रोधले, याचा आकडा निराळा उमटतो. पायाला फक्त गाडी थांबली एवढेच कळते. डावे चाक पुरते धरते आणि उजवे अर्धेच धरते, हे कोरड्या रस्त्यावर पायाला कळणार नाही. ओल्या रस्त्यावर मात्र गाडी एका बाजूस ओढली जाऊन ते कळते, आणि तेव्हा कळून उपयोग नसतो. शिवाय हे आकडे परस्पर संगणकात जातात; कोणाच्या ओळखीने ते वाढत नाहीत.

आपले केंद्र कोणते, हे शोधण्यास कोणा मध्यस्थाचे पाय धरण्याचे कारण नाही. मुळशीत एमएच १२ म्हणजे पुण्याच्या आणि एमएच १४ म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या, अशा दोन्ही चिन्हांच्या गाड्या फिरतात. शेजाऱ्याची गाडी जेथे गेली तेथे आपली जाईलच असे नाही. नोंदणीपत्र काढावे, त्यावर कार्यालयाचे नाव असते. केंद्र सरकारच्या ‘परिवहन’ या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक घालून अर्ज, शुल्क आणि तपासणीची तारीख ही तिन्ही कामे घरबसल्या होतात. गाडी कोठे न्यावयाची ते वेळ ठरविताना तेथेच पाहून घ्यावे. नोंदणीपत्र, विमा, धुराचा दाखला आणि कर भरल्याची पावती एका पाकिटात ठेवावी. घरगुती गाडीच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी साठ दिवसांच्या आत करता येतो. शुल्काविषयी मात्र जुन्या ऐकीव आकड्यांवर विसंबू नये. मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशेचे पाच हजार आणि दुचाकीचे तीनशेचे एक हजार झाले. २०२५ च्या ऑगस्टात वीस वर्षांवरील मोटारीस दहा हजार व दुचाकीस दोन हजार असे ते आणखी वाढविण्यात आले. शिवाय राज्याचा पर्यावरण कर निराळा. इतका खर्च करून जुनी गाडी ठेवावी काय, हा हिशेब ज्याने त्याने करावा. वडिलांच्या आठवणीसाठी ठेवावयाची असेल तर ठेवावी. परंतु आठवणीलाही ब्रेक हवेतच.

आता त्या मधल्या पंधरा वर्षांविषयी. इंग्लंडात १९६० साली सक्तीची तपासणी सुरू झाली. आज तेथे घरगुती मोटारही तीन वर्षांची होताच दरवर्षी परीक्षेस बसते. जर्मनी व जपान येथे पहिल्या तीन वर्षांनंतर दर दोन वर्षांनी तपासणी असते. आपल्याकडे ती नाही, म्हणून ते काम घरालाच करावे लागते. एकत्र कुटुंबात तर याची विशेष गरज आहे. गाडी एक, चालविणारे पाच. काका म्हणतात पुतण्याने पाहिले असेल, पुतण्या म्हणतो वहिनींनी कालच नेली होती. बारभाईंची शेती, काय लागेल हाती! घरातील एका व्यक्तीकडे, मग ती सून असो की नातू, हे खाते नावानिशी सोपवावे आणि एक वही घालून द्यावी.

मुळशीची हवा गाडीला मानवणारी नाही. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीस एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. अशा प्रदेशात गाडीच्या पोटाखालचे लोखंड गंजते आणि आणखी एक गोष्ट घडते, जी डोळ्यांस दिसत नाही. ब्रेकच्या नळ्यांतील तेल हवेतील ओलावा शोषून घेते. घाट उतरताना सारखा ब्रेक दाबून धरला म्हणजे चकत्या तापतात, ती उष्णता तेलापर्यंत पोहोचते, तेलातील पाण्याची वाफ होते आणि वाफ दाबली जाते. पायाखालचा दांडा मग तळाला टेकतो आणि गाडी थांबत नाही. म्हणून हे तेल सामान्यतः दोन वर्षांनी बदलावे आणि घाट खालच्या गिअरात उतरावा. टायरांच्या खाचा मोटारीस किमान १.६ मिलिमीटर खोल असाव्या लागतात. टायराच्या कडेवर चार आकड्यांची जन्मतारीखही असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खाचा शाबूत दिसल्या तरी रबर म्हातारे होतेच.

परंतु केवळ दाखल्याने सारे भागत नाही, हेही सांगितले पाहिजे. २० नोव्हेंबर २०२२ रोजी चांदणी चौकातून पुढे गेलेल्या त्याच बाह्यवळण मार्गावर, नवले पुलाजवळच्या उतारावर, एका मालमोटारीने अनेक वाहनांस धडक दिली. ब्रेक निकामी झाला, अशी हाकाटी झाली. चौकशीअंती पोलिसांनी सांगितले ते निराळेच: चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी तशीच सोडली होती. जड गाडीच्या ब्रेकला लागणारी दाबाची हवा इंजिनच भरते. आपल्या मोटारीतही इंजिन बंद होताच एक-दोन वेळा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कठीण होतो आणि सुकाणू जड होते. चार पैशांचे इंधन वाचविण्याची ही युक्ती आमच्या परिचयातील काही सभ्य गृहस्थही वरंध्यात आणि ताम्हिणीत करतात.

सर्वांत निकडीची बाब शेवटी राखून ठेवली आहे. मुळशी तालुक्यातील एका शाळेच्या पालकसभेत काही वर्षांपूर्वी आम्ही विचारले, की आपले मूल ज्या व्हॅनमधून येते तिचा योग्यतेचा दाखला कोणी पाहिला आहे काय? एकही हात वर झाला नाही. पुढे विचारले, त्या व्हॅनची पाटी कोणत्या रंगाची आहे? काही मातांनी न अडखळता सांगितले, ‘पांढरी’. सभा क्षणभर शांत झाली. पांढऱ्या पाटीच्या व्हॅनने भाडे घेऊन मुले नेणे बेकायदा आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की रोज कोवळी मुले वाहणाऱ्या त्या गाडीस पंधरा वर्षे कोणीही परीक्षेस बोलाविणार नाही. पोत्यांचा टेंपो दरवर्षी तपासला जावा आणि मुलांची गाडी मुळीच तपासली जाऊ नये, हा विपर्यास होय. घरगुती विम्याचा करार भाड्याच्या वाहतुकीस लागू नसतो. तेव्हा अपघात झाल्यास भरपाईसाठी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात, ते वेगळेच.

व्हॅनवाला काही शत्रू नव्हे. पाच-सहा घरांची सोय करणारा, गावातलाच कोणी होतकरू माणूस असतो तो. परंतु पिवळी पाटी, दाखला, परवाना यांचा खर्च तो करावयाचा तर महिन्याला काही रुपये वाढवून मागणार. ते आपण देण्यास तयार असले पाहिजे. महिना शंभर रुपये वाचतात म्हणून पांढरी व्हॅन पसंत करणारे पालक आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांच्या दारात उभ्या असलेल्या गाड्यांच्या किमतीही आम्हांस ठाऊक आहेत.

महाराष्ट्रात शालेय बसगाड्यांचे स्वतंत्र नियम २०११ पासून आहेत. वेगनियंत्रक, अग्निशामक, प्रथमोपचाराची पेटी, गाडीत सहायक, हे सारे त्यांत आले आहे. आणि मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी, तीत पालकांचा प्रतिनिधी असावा, असेही त्यात आहे. पुष्कळ ठिकाणी ही समिती कागदावरच नांदते. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी तिची बैठक मागण्याचा अधिकार पालकांस आहे. सरकारच्या ‘एम-परिवहन’ या मोबाईलवरील अ‍ॅपमध्ये गाडीचा क्रमांक घातला की दाखल्याची व विम्याची मुदत कळते. दोन मिनिटांचे काम, आणि घरातील नववी-दहावीतले मूलही ते आजोबांना करून देईल. बैठकीस जाताना प्रत्येक व्हॅनचा क्रमांक, दाखल्याची शेवटची तारीख आणि पाटीचा रंग, हे तीन रकाने आखलेला एक कागद बरोबर न्यावा.