रानमेव्याचें रसायन

महाळुंगे पडवळ हें पुणें जिल्ह्याच्या आंबेगांव तालुक्यांतील गांव. १२ डिसेंबर १९३० रोजीं मुंबईस परदेशी कापडाची मोटार अडवितांना प्राण वेंचणारे हुतात्मा बाबू गेनू यांचें हें जन्मग्राम. परंतु ज्यास थोडें संस्कृत येतें, त्याच्या मनांत हें नांव उच्चारतांच एक फळहि उभें राहतें. तें म्हणजे म्हाळुंग; संस्कृतांत मातुलुंग अथवा बीजपूर. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातीं असलेलें फळ तें हेंच. चरकसंहितेंतहि त्यास स्थान आहे.

म्हाळुंग लिंबाच्या कुळांतलें. पण रस थोडा व साल जाड. सालीच्या पांढऱ्या भागांत पेक्टिन विपुल असतें, पिवळ्या भागांत सुगंधी तेल. पेक्टिन हें साखर व आम्ल यांच्या संगतीनें घट्ट होतें. म्हाळुंगाचा मुरंबा चांगला बसतो तो यामुळेंच.

याच तालुक्यांत पश्चिमेकडे भीमाशंकराच्या डोंगरांवर वैशाख-ज्येष्ठांत करवंदें पिकतात, त्यांमागून जांभळें येतात. थंडींत आवळे व बोरें. करवंदाचा व जांभळाचा काळसर जांभळा रंग अँथोसायनिन नामक द्रव्यांचा. जांभूळ खातांच जीभ आखडते ती टॅनिनमुळें. हें द्रव्य लाळेंतील प्रथिनांस बांधून टाकतें. वैद्यांनीं ज्यास कषाय रस म्हटलें, त्याचें एक मुख्य कारण हें. जुन्नर-आंबेगांवच्या डोंगरांत महादेव कोळी कुटुंबें जो बाळहिरडा गोळा करितात, तो तर टॅनिनचें भांडारच होय. म्हणून औषधाखेरीज कातडीं कमावण्यासहि हिरडा लागतो.

आतां आवळा. १७४७ मध्यें जेम्स लिंड या आरमारी डॉक्टरानें संत्रीं व लिंबें देऊन खलाशांचा स्कर्व्ही रोग हटतो असें दाखविलें. त्यांतील ‘क’ जीवनसत्त्व वेगळें काढणाऱ्या सेंट-ग्यॉर्गी यांस १९३७ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें. संत्र्याच्या १०० ग्रॅम गरांत हें सत्त्व सुमारें ५० मिलिग्रॅम असतें. आवळ्याचा आंकडा जुन्या भारतीय कोष्टकांत ६०० होता. अलीकडील मोजणींत तो बराच खालीं आला, तरी संत्र्याच्या कित्येक पट आहेच. प्रौढ माणसाची रोजची गरज ६५ ते ८० मिलिग्रॅम; म्हणजे एक चांगला आवळा ती बहुतेक भागवितो.

हा हिशेब केवळ कुतूहलाचा नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. भाकरी, पालेभाजी व कडधान्यें यांतील लोह अंगीं लागण्यास ‘क’ जीवनसत्त्वाची मदत होते. उलट चहांतील टॅनिन त्यास अडवितें. म्हणून गृहिणींनीं ताटांत आवळ्याची फोड किंवा लिंबू ठेवावें व जेवणावर लागलाच चहा घेऊं नये. घरांत सर्वांच्या मागून जेवणाऱ्या सुनेच्या पानांतहि ती फोड उरली पाहिजे. हें सत्त्व फार उकळल्यानें व तांब्याच्या स्पर्शानें नासतें. तेव्हां ताजा आवळा सर्वांत बरा.

कांहीं सावधगिरीहि हवी. जांभळाच्या बियांचें चूर्ण मधुमेहावर घरोघर सुचविलें जातें. पण त्याच्या भरंवशावर डॉक्टरांचें औषध सोडणें घातक आहे. गर्भवतीस हिरडा देऊं नये, असें आयुर्वेदच सांगतो. कुंपणाच्या मोगली एरंडाच्या बिया व तांबड्या गुंजा विषारी आहेत. त्या मुलांस आधीं ओळखावयास शिकवाव्या, मग करवंदीच्या जाळीकडे पाठवावें.

कार्तिकांतील आवळीभोजन व संक्रांतीचें बोरन्हाण यांनीं हीं फळें आपल्या कुळाचारांत केव्हांच आणून ठेविलीं आहेत. पण झाडेंच राहिलीं नाहींत, तर आचार बाजारांतल्या बरणीपुरता उरेल. परसांत जागा असेल त्यानें एक आवळी लावावी. नसेल त्यानें डोंगरावरून पानाच्या द्रोणांत करवंदें घेऊन येणाऱ्या बाईशीं दोन रुपयांसाठीं घासाघीस करूं नये. कोणतें फळ कोणत्या घळींत केव्हां पिकतें, हें तिला ठाऊक असतें. तें ज्ञान टिकणें तिच्या मोबदल्यावरहि अवलंबून आहे.