सिद्दी कासीम : बादशहाच्या छायेतला जंजिऱ्याचा सत्ताधीश

आपल्या श्रीवर्धनचा इतिहास शिकवताना बाळाजी विश्वनाथांचे नाव येतेच. भट घराणे इथले देशमुख. सिद्दीच्या जाचाने बाळाजींनी गाव सोडले आणि १७१३ मध्ये ते पेशवे झाले. मग मुले विचारतात, "सर, हा सिद्दी म्हणजे राजा होता का?" याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात देता येत नाही.

सिद्दी मूळचे आफ्रिकेतले, म्हणून त्यांच्या मुलुखाला हबसाण म्हणत. मुरूडजवळचा जंजिरा आधी आदिलशाहीकडे होता. शिवाजी महाराजांच्या रेट्यापुढे १६७० च्या सुमारास किल्लेदार फत्तेखान किल्ला द्यायला तयार झाला, तेव्हा संबूल, कासीम आणि खैरियत या तिघा सिद्दींनी त्याला कैद केले व औरंगजेबाचा आश्रय घेतला. १६७७ च्या सुमारास आरमाराची सूत्रे कासीमकडे आली. बादशाही किताब होता याकूतखान.

आता हा सौदा समजून घ्या. किल्ला समुद्रात, पण धान्य येणार किनाऱ्यावरून, आणि किनाऱ्यावर मराठ्यांचा जोर. आदिलशाही खिळखिळी झालेली. म्हणजे सिद्दीला पाठीराखा हवाच होता. उलट बादशहाकडे फौज अफाट असली तरी या किनाऱ्यावर स्वतःचे दमदार आरमार नव्हते. सुरतेचा व्यापार आणि हजची जहाजे सांभाळायला त्याला सिद्दी लागत होता. गरज दोघांनाही होती.

जगात असे आधीही घडले आहे. इ.स.पू. ४८० मध्ये सलामिसच्या लढाईत हॅलिकार्नाससची राणी आर्टेमिसिया इराणी सम्राटासाठी पाच जहाजे घेऊन ग्रीकांविरुद्ध लढली होती.

कासीमची ताकद आणि मर्यादा एकाच प्रसंगात दिसतात. इंग्रजांनी मोगलांची जहाजे पकडली, म्हणून १६८९ मध्ये तो मुंबईत उतरला. शिवडी, माझगाव घेऊन त्याने इंग्रजांना किल्ल्यात कोंडले. पण इंग्रजांनी माफी मागून दीड लाख रुपये दंड कबूल करताच बादशहाचा हुकूम आला आणि जून १६९० मध्ये त्याला वेढा उठवावा लागला. मुंबई हातात येत होती, तरी निर्णय त्याचा नव्हता.

म्हणून वर्गात 'खलनायक' एवढाच शिक्का मारून थांबू नका. किनाऱ्यावरच्या रयतेने त्याच्या स्वाऱ्यांचा त्रास सोसला, हे स्पष्ट सांगाच. त्यानंतर मुलांना वहीत दोन रकाने करायला लावा : सिद्दीला काय मिळाले, त्याने काय गमावले. पालकांनो, घरीही हे करता येईल. श्रीवर्धन १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होते. घरात कोणी वयस्कर असतील, तर संस्थानाच्या काळाबद्दल त्यांनी काय ऐकले आहे, ते मुलांना विचारू द्या.