साठीतली झुकझुकगाडी

"डॉक्टरसाहेब, यांच्या डोक्यावर काही परिणाम तर झाला नाही ना?"

मी पतीचा रक्तदाब घेत होतो आणि पत्नी पडद्याच्या अलीकडून हळू आवाजात विचारत होत्या. (रक्तदाब घेताना रुग्णाशी किंवा रुग्णाविषयी बोलू नये, आकडा वाढून येतो. त्या दिवशी मला तो दुसऱ्यांदा घ्यावा लागला.) गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेले, वय एकसष्ट. तक्रार अशी की, मुलाने वाढदिवसाला प्लॅस्टिकच्या विटांची आगगाडी पाठवली आणि तेव्हापासून हे रोज दुपारी जेवण आटोपले की हॉलमध्ये सतरंजी अंथरून गाडी जोडत बसतात. "शेजारच्या बायका हसतात हो. नातवाला हात लावू देत नाहीत, स्वतःच खेळतात!"

मी लगेच उत्तर दिले नाही. त्याचे एक कारण असे की, माझ्या स्वतःच्या घरी वैद्यकीय पुस्तकांच्या कपाटात खालच्या कप्प्यात अशाच विटांचे एक इंजिन आणि तीन डबे उभे आहेत. दवाखाना बंद करून घरी गेल्यावर रात्री अर्धा तास मीही तेच करतो. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर केवळ त्या बाईंना नव्हे, माझ्या घरच्यांनाही द्यायचे होते. म्हणून हा लेख.

हेच गृहस्थ चार महिन्यांपूर्वी माझ्याकडे आले होते, तेव्हाची स्थिती सांगतो. झोप नाही. पहाटे तीनला जाग येते आणि छताकडे बघत पडतात. जेवणात लक्ष नाही, वर्तमानपत्रही उघडत नाहीत. छत्तीस वर्षे ज्या माणसाचा दिवस गाड्यांच्या वेळापत्रकावर चालला, त्याला सकाळी दहा वाजता काय करायचे हे कळेनासे झाले होते. निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षात असे रुग्ण आम्ही नेहमी पाहतो. घरचे म्हणतात, "आता आराम करा." पण आराम हा कामाच्या मधे असतो तेव्हाच गोड लागतो. त्यांना नैराश्याची लक्षणे होती. मी औषध सुरू केले आणि सकाळी चालायला सांगितले. औषधाने झोप सुधारली, पण चेहऱ्यावरची कळा गेली नव्हती. ती या वेळी गेलेली दिसत होती. पडद्यामागून ते स्वतःच म्हणाले, "साहेब, छोट्या लाइनचा ब्रेकव्हॅन करतोय. दार कसं बसवायचं तेवढं सुचत नाही."

ज्यांनी या विटा पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. आमच्या लहानपणी मेकॅनो होता, लोखंडी पट्ट्या आणि नटबोल्टचा. डेन्मार्कमधल्या बिलुंड या गावी ओले कर्क ख्रिश्चनसेन नावाच्या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. त्या कारखान्याचे नाव पुढे लेगो पडले. डॅनिश भाषेत त्या शब्दांचा अर्थ 'छान खेळ' असा होतो. आज आपण पाहतो ती एकमेकींत घट्ट बसणारी वीट २८ जानेवारी १९५८ रोजी नोंदवली गेली, आणि त्या वर्षीची वीट आजच्या विटेवर बसते. १९६६ पासून या विटांच्या विजेवर चालणाऱ्या गाड्या निघाल्या. आरंभी त्यांचे रूळ निळे होते. पुढे मोटारी बदलल्या, रुळातून वीज घेणाऱ्या गाड्या आल्या नि गेल्या, आता मोबाइलवरून चालवता येतात. २०२० पासून तर कंपनी मोठ्यांसाठीच्या खोक्यांवर स्पष्ट '१८ वर्षांवरील' असे छापते. त्याच वर्षी तिने स्वित्झर्लंडच्या 'मगर' इंजिनाची प्रतिकृती काढली. आपल्याकडे मुंबई-पुणे घाटात ज्या लांबनाक्या विद्युत इंजिनाला लोक 'खेकडा' म्हणत, त्याची ही सख्खी बहीण शोभेल.

पण आपल्या इकडच्या गाड्या खोक्यात मिळत नाहीत. त्या स्वतःच रचाव्या लागतात आणि खरी मजा तिथेच आहे. आमच्या गृहस्थांनी हिशेब कसा केला ते ऐका. विटांच्या रुळांतले अंतर साडेसदतीस मिलिमीटर. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. भागाकार केला की प्रमाण येते साधारण पंचेचाळिसास एक. म्हणजे सव्वातीन मीटर रुंदीचा डबा झाला सुमारे बहात्तर मिलिमीटर, आणि विटेवरची एक गुंडी आठ मिलिमीटर धरली तर नऊ गुंड्या. रुंदी ठीक. लांबीचे काय? एकवीस मीटरचा डबा साठ गुंड्यांचा, जवळपास अर्धा मीटर होतो. आणि या रुळांचे वळण असे की, सोळा तुकड्यांत वर्तुळ पुरे होते, त्रिज्या बत्तीस सेंटिमीटर. असा लांबलचक डबा त्या वळणावर फिरणार कसा? म्हणून डबा आखूड करावा लागतो, आणि तरी तो आपला डबा वाटला पाहिजे. किती खिडक्या कमी करायच्या, दार कुठे ठेवायचे, यावर त्यांनी दोन दिवस घालवले. नॅरोगेजची तर आणखी पंचाईत. ती ७६२ मिलिमीटर, म्हणजे त्याच प्रमाणात सतरा मिलिमीटर, जेमतेम दोन गुंड्या. तसे रूळ त्या खोक्यात नसतात. त्यांनी पातळ पट्ट्यांचे रूळ करून छोटी गाडी स्टेशनावर उभी ठेवायचे ठरवले. चालेल ती मोठी, उभी राहील ती छोटी.

नागपूरकरांना यामागची कळ सांगायला नको. छिंदवाड्याची छोटी लाइन २०१५ मध्ये बंद झाली, नागभीडची २०१९ मध्ये. हे गृहस्थ याच गाड्यांवर गार्ड होते. इतवारी स्टेशनातून निघालेली गाडी कुठे हळू होते, कुठे शेतकरी हात दाखवून थांबवायला बघतो, हे सगळे त्यांच्या डोक्यात आहे आणि ते ऐकायला घरात कोणी नाही. विटांतून ते बाहेर पडत होते. मोजमापांसाठी त्यांनी मोतीबागेतल्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात तीन फेऱ्या मारल्या. हे संग्रहालय १४ डिसेंबर २००२ रोजी सुरू झाले. नागपुरात राहून ज्यांनी ते पाहिले नाही त्यांनी एकदा मुलांना घेऊन जावे. मला मात्र वेगळाच आनंद झाला. जो माणूस मी चार महिने सांगूनही कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे चालत नव्हता, तो डब्याची पायरी मोजायला मोतीबागेपर्यंत गेला होता.

छंदाने प्रकृती सुधारते का, असे कोणी विचारले तर डॉक्टरने सावधपणे बोलले पाहिजे. २०२३ साली 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात सोळा देशांतील पासष्टीपुढच्या ९३,२६३ लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांना काही छंद होता त्यांच्यात नैराश्याची लक्षणे कमी आणि समाधान अधिक आढळले. अर्थात ज्याची प्रकृती मुळातच बरी तोच छंद करू शकतो, हेही खरे, आणि अशा पाहणीतून कोणते कारण नि कोणता परिणाम हे ठामपणे ठरत नाही. पण दवाखान्यात बसून जे दिसते ते याच्याशी जुळते. हाताला काम, डोक्याला कोडे आणि उद्या सकाळी पुरे करायचे काहीतरी, एवढ्या तीन गोष्टी मिळाल्या की माणूस पहाटे तीनला छताकडे बघण्याऐवजी ब्रेकव्हॅनच्या दाराचा विचार करतो. त्यांचे औषध मात्र मी बंद केलेले नाही. बरे वाटू लागले म्हणून नैराश्याच्या गोळ्या आपल्या मनाने सोडणारे पुन्हा आजारी पडून येतात.

हा छंद पोरकट आहे का? पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांच्या छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून आहे. तिथे सिग्नल, पूल, बोगदे यांतून गाड्या धावतात. ते विटांचे नाही, पण एका प्रौढ माणसाच्या खेळण्यातल्या गाडीच्या वेडातून उभे राहिलेले आहे. ते पाहायला शाळांच्या सहली येतात आणि कोणी हसत नाही. त्या बाईंना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "पण ते पुण्यात!" यावर मजजवळ उत्तर नव्हते.

आता तक्रारीच्या बाजूकडे येतो, कारण बाईंचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते.

पहिली गोष्ट बसण्याची. साठीच्या माणसाने सतरंजीवर मांडी घालून, मान खाली करून दोन-दोन तास बसणे गुडघ्यांना आणि मानेला परवडत नाही. टेबल-खुर्ची घ्यावी, टेबल कोपराच्या उंचीचे असावे, आणि अर्ध्या तासाने उठून घरात एक चक्कर मारावी. मधुमेह आणि रक्तदाब असणाऱ्यांनी तर हे नक्कीच पाळावे. आठवड्याला एकूण दीडशे मिनिटे भराभर चालणे हवे, त्यात गाडी जोडण्याचा वेळ धरायचा नाही. चाळिशीच्या चष्म्याने जवळचे नीट दिसत नसेल तर नंबर तपासून घ्या. काळ्या आणि गडद करड्या विटा संध्याकाळच्या उजेडात चांगल्या डोळ्यांनाही वेगळ्या दिसत नाहीत. दिवा डाव्या बाजूने घ्यावा, डावखुऱ्यांनी उजव्या.

दुसरी गोष्ट अंगठ्याची. घट्ट बसलेल्या विटा चिमटीत धरून उपसताना अंगठ्याच्या बुडाच्या सांध्यावर, चिमटीत जेवढा जोर लावतो त्याच्या सुमारे बारापट भार येतो. पन्नाशीनंतर, विशेषतः स्त्रियांमध्ये, हा सांधा झिजू लागतो. डब्याचे झाकण उघडताना, चावी फिरवताना तिथे कळ येत असेल तर विटा नखांनी किंवा दातांनी काढू नका. दातांनी काढणारे मी पाहिले आहेत. विटा सुट्या करायची एक छोटी पट्टी खोक्यातच येते, तीच वापरावी. हलक्या हाताने जोडत राहणे मात्र बोटांना चांगले. सकाळी बोटे आखडत असतील तर आधी कोमट पाण्यात हात शेकून घ्यावेत.

तिसरी गोष्ट खर्चाची. ही आरोग्याच्या सदरात का, असे वाटेल. पण निवृत्तिवेतनातून चोरून मागवलेले खोके माळ्यावर लपवले, ते बायकोला सापडले, आणि मग दोघांचाही रक्तदाब वाढला, अशी जोडपी माझ्याकडे आलेली आहेत. या विटा स्वस्त नाहीत. न उघडलेली खोकी साठत गेली, मन उदास झाले की मागणी नोंदवली, आल्यावर उघडायचीही इच्छा राहिली नाही, असे होऊ लागले तर तो छंद राहिलेला नाही, डॉक्टरांशी बोलायची वेळ आली आहे. महिन्याला किती खर्च करायचा हे दोघांनी बसून आधी ठरवावे.

आणि चौथी गोष्ट, जिच्यासाठी हा लेख खरे तर लिहायला घेतला. त्या बाई म्हणाल्या होत्या की, नातवाला हात लावू देत नाहीत. नातू दीड वर्षाचा. याबाबतीत आजोबांचे बरोबर होते. मागच्या दिवाळीत माझ्याच घरी, माझ्याच हलगर्जीपणाने, एक गोल गुंडी जमिनीवर राहिली आणि भाचीच्या मुलीने ती तोंडात घातली. ती तिने आपणच थुंकली म्हणून निभावले. तीन वर्षांखालील मुलाच्या श्वासनलिकेत असा तुकडा अडकायला क्षण लागत नाही. मूल खोकत असेल तर खोकू द्यावे. आवाजच निघेनासा झाला, ओठ निळे पडू लागले, तर त्याला पालथे करून खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच जोरदार थापा द्याव्यात आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. न दिसणारा तुकडा बोटाने चाचपून काढायला जाऊ नये, तो आत ढकलला जातो.

याहून धोक्याची आहेत ती चुंबके आणि बटनाएवढे चपटे सेल. आगगाडीचे डबे एकमेकांना चुंबकाने जोडतात. नव्या डब्यांत ती बंदिस्त असतात, पण जुन्या, हात बदललेल्या गाड्यांतली सुटी निघू शकतात. मुलाने दोन चुंबके गिळली तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून ती एकमेकांना ओढतात आणि मधल्या आतड्याला भोक पडते. बाजारातल्या स्वस्त दिव्याच्या इंजिनात चपटा सेल असतो. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत तिथे गंभीर इजा होऊ शकते. मूल हसत-खेळत असले तरी थांबू नये, ओकारी काढायला लावू नये, शौचावाटे पडेल म्हणून केळी खायला घालत बसू नये. सरळ मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि काय गिळले आहे ते सांगावे. तसाच दुसरा सेल घरात असेल तर बरोबर न्यावा.

हे सगळे मी दोघांना समोर बसवून सांगितले. पुढच्या महिन्यात ते रक्तदाबासाठी आले तेव्हा १३४/८२ होता. ब्रेकव्हॅन पिशवीत गुंडाळून आणला होता. दार बसले होते, आणि ते कसे बसवायचे हे बाईंना सुचले होते म्हणे. विटा आता रंगाप्रमाणे झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत गेल्या होत्या, डबे कपाटाच्या वरच्या फळीवर, आणि रोज संध्याकाळी जमिनीवरून एकदा हात फिरवायचे काम आजोबांकडे.

बाईंची एकच शंका उरली होती, ती बऱ्याच घरांत असेल म्हणून देतो. धूळ बसलेल्या विटा धुवायच्या कशा? मोटार, चुंबक आणि सेलचे भाग बाजूला काढून बाकीच्या विटा सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात धुवाव्यात आणि सावलीत फडक्यावर वाळवाव्यात. उन्हात पांढऱ्या विटा पिवळ्या पडतात. पाणी चाळीस अंशांपेक्षा गरम नको, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या टाकीचे पाणी नळातून थेट घेऊ नये. माठाशेजारच्या बादलीतले घ्यावे.