बेलोऱ्याची धावपट्टी आणि शिवणीचं गवत

बडनेरा मागे पडतं. यवतमाळच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी नांगरून टाकलेली काळी रानं आहेत. मे महिना आहे, ढेकळं तापलेली आहेत. बाभळीच्या तोकड्या सावलीत गुरं दाटीनं उभी आहेत. मग तारेचं लांबच लांब कुंपण सुरू होतं. हा बेलोऱ्याचा, म्हणजे अमरावतीचा विमानतळ.

कुंपणापाशी माणसं थांबली आहेत. त्यांना कुठं जायचं नाही, विमान पाहायचं आहे. डोक्याला दुपट्टा बांधलेल्या एका आबाजींच्या खांद्यावर नातू बसला आहे.

"आबाजी, कधी येते?"

"येऊन राह्यलं ना बाप्पा. दम धर."

फाटकावर जवान तिकीट आणि आधार कार्ड पाहतो. नाव ताडतो, चेहरा पाहतो, मगच आत सोडतो. आत गारवा आहे. रांग छोटी, पण रेंगाळणारी. पुढं एक बाई मुंबईला लेकीकडे निघाल्या आहेत. कैरीच्या लोणच्याची बरणी त्यांनी हातातल्या पिशवीत ठेवली आहे. ती विमानात हाताशी नेता येत नाही. बरणी जुन्या लुगड्यात गुंडाळली जाते, दोरीनं आवळली जाते, मोठ्या बॅगेत जाते. बॅग काट्यावर चढते. मर्यादा १५ किलोची. काटा सव्वापंधरा दाखवतो. बाई निमूटपणे चपलांचा जोड काढून घेतात.

मग वाट पाहणं. बाकांवर वकील आहेत, औषधांच्या फायली घेतलेलं एक म्हातारं जोडपं आहे, नोकरीच्या मुलाखतीला निघालेला एक पोरगा आहे. मुंबई म्हणजे राजधानी. मंत्रालय तिथं, मोठी इस्पितळं तिथं. रेल्वेनं अख्खी रात्र जाते, इथून दोनेक तासांत उतरता येतं.

काचेपलीकडे धावपट्टी झळांमध्ये थरथरते आहे. पट्टी १९९२ सालची. तेव्हा ती १३७२ मीटर होती. नेत्यांची छोटी विमानं उतरायची, जायची. मोठ्या विमानाला ती पुरत नव्हती. पुढं ती १८५० मीटर झाली, रुंदी ४५ मीटर. १६ एप्रिल २०२५ ला मुंबईचं प्रवासी विमान सुरू झालं. मधली ३३ वर्षं अमरावतीकरांनी नागपूरचा रस्ता तुडवला. शेजारीच, वर्षाला १८० वैमानिक घडवण्यासाठी योजलेली प्रशिक्षण संस्था आहे. वऱ्हाडातल्या पोरांनी त्या वर्गांत बसावं, असं मनापासून वाटतं.

घरघर ऐकू येते. कुंपणाकडून आरोळी उठते. ठिपका मोठा होतो, पंख दिसतात, चाकं टेकतात. धुराची छोटी रेघ उठते. एटीआर ७२ जातीचं, दोन पंख्यांचं विमान. पंखे मंदावतात. कामगार धावत जाऊन चाकांना अडण्या लावतात, केशरी शंकू मांडतात. प्रवासी पायीच विमानाकडे निघतात. खालून डांबर भाजतं, वरून ऊन. आजचा पारा ४४ अंशांवर आहे. तापलेली हवा विरळ असते, पंखांना कमी उचलते, म्हणून विमानाला अधिक लांब धावावं लागतं. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात पट्टीचा एकेक मीटर कामाचा असतो.

विमान जातं. मी अकोल्याची वाट धरतो.

रस्ता गुळगुळीत आहे. याच महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरच्या एका मार्गिकेचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं. तो जागतिक विक्रम ठरला. मूर्तिजापूर मागे पडतं. अकोला शहर लागण्याआधीच शिवणी येते.

इथंही कुंपण आहे, पण कुंपणापाशी कुणी नाही. आत गुडघाभर वाळलेलं गवत, त्यापलीकडे पट्टी. वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी अधूनमधून फुगते, पुन्हा लोंबते. रस्त्यावर ट्रकांची रांग, टायरवाल्याच्या हातोड्याचा ठणठणाट. हा अकोल्याचा विमानतळ १९४३ सालचा, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. बेलोऱ्याहून जवळजवळ ५० वर्षांनी थोरला. पट्टी १४०० मीटर. ती १८०० पर्यंत न्यायची मागणी जुनी आहे. लागणारी काही जमीन कृषी विद्यापीठाची, काही शेतकऱ्यांची. मोजणी, मोबदला, निधी, पुन्हा मोजणी. फाईल फिरत राहिली.

टायरवाला हात पुसत विचारतो, "विमान पाह्यले आले काय भाऊ? इथं नाही येत. बेलोऱ्याले जा."

बेलोरा इथून ऐंशी-नव्वद किलोमीटर.

अडलं आहे ते ४०० मीटरवर. शेतकऱ्याला रास्त मोबदला आधी द्या, तो त्याचा हक्क आहे. आणि मग पट्टी वाढवा. अकोल्यानं पुरेशी वाट पाहिली आहे.