कोंडी : गल्लीतली, रुळांवरची आणि संगणकातली

गिरगावातल्या फणसवाडीसारख्या अरुंद गल्लीत एका तोंडाने टेम्पो शिरतो, दुसऱ्या तोंडाने सामानाने भरलेली हातगाडी. मध्यावर दोघे समोरासमोर येतात. तोपर्यंत दोघांच्याही मागे आणखी वाहने उभी राहिलेली असतात. गल्लीचा अर्धा भाग टेम्पोने अडवला आहे आणि त्याला उरलेला अर्धा हवा आहे. हातगाडीचे नेमके उलट. नियम कोणीच मोडलेला नाही, तरी कोणीही हलू शकत नाही. संगणकशास्त्रात अशा स्थितीला 'डेडलॉक' म्हणतात. आपण तिला कोंडी म्हणू.

संगणकात ही कोंडी का होते, हे समजण्यासाठी बँकेचे उदाहरण घेऊ. एका खात्यात १००० रुपये आहेत. दोन ठिकाणांहून एकाच क्षणी २०० आणि ३०० रुपये जमा होतात. दोन्ही व्यवहारांनी १००० ही जुनी शिल्लक वाचली, तर एक १२०० लिहील, दुसरा १३००. शेवटी १२०० किंवा १३०० उरतील. १५०० कधीच नाहीत! हे टाळण्यासाठी व्यवहार सुरू होताच त्या खात्याला 'कुलूप' लावतात. व्यवहार संपेपर्यंत दुसऱ्याने थांबायचे.

परंतु या कुलपातूनच नवी अडचण निर्माण होते. खाते १०१ मधून २०५ मध्ये पैसे पाठवणारा व्यवहार १०१ ला कुलूप लावतो. त्याच क्षणी २०५ मधून १०१ मध्ये पैसे पाठवणारा दुसरा व्यवहार २०५ ला कुलूप लावतो. आता पहिला २०५ ची वाट पाहतो, दुसरा १०१ ची. दोन्ही व्यवहार स्वतंत्रपणे तपासले तर अगदी बिनचूक आहेत. म्हणूनच हा दोष चाचणीत सहज सापडत नाही. महिनोन्‌महिने सुरळीत चाललेली यंत्रणा ऐन गर्दीच्या दिवशी अडते.

१९७१ साली कॉफमन, एल्फिक आणि शोशानी यांनी कोंडीच्या चार अटी एकत्र मांडल्या. एक, वस्तू एका वेळी एकालाच वापरता येते. दोन, हातातली वस्तू न सोडता प्रत्येक जण दुसरीची वाट पाहतो. तीन, कोणाकडून वस्तू हिसकावून घेता येत नाही. चार, वाट पाहणाऱ्यांचे वर्तुळ पूर्ण होते. चारही अटी एकाच वेळी पूर्ण झाल्या तरच कोंडी होते. म्हणजेच एक अट मोडली की काम झाले.

सर्वांत सोपा उपाय चौथी अट मोडण्याचा आहे. नियम असा : नेहमी लहान क्रमांकाच्या खात्याला आधी कुलूप लावायचे. वरच्या उदाहरणात दोन्ही व्यवहार आधी १०१ कडेच जातील. एकाला ते मिळेल, दुसरा रिकाम्या हाताने थांबेल. हा नियम कितीही व्यवहारांना पुरतो. समजा, तरीही वर्तुळ तयार झाले. त्या वर्तुळात अडकलेल्या कुलपांपैकी सर्वांत मोठ्या क्रमांकाचे कुलूप ज्याच्या हाती आहे, त्याला नियमानुसार त्याहून मोठेच कुलूप हवे असणार. पण वर्तुळात त्याहून मोठे कुलूप नाहीच. म्हणून वर्तुळ अशक्य!

मात्र कोणती कुलपे लागणार हे आधी ठाऊक नसेल तर? मोठ्या डेटाबेसमध्ये बहुधा असेच असते. तिथे कोण कोणाची वाट पाहत आहे याचा बाणांचा आलेख तयार करून त्यात वर्तुळ शोधतात. सापडल्यास एका व्यवहाराचा बळी देतात. त्याने केलेले बदल पुसून त्याची कुलपे सोडवतात. मग तो व्यवहार पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. येथे तिसरी अट मोडली. 'पोस्टग्रेएसक्यूएल' हा डेटाबेस, वेगळी सूचना दिली नसेल तर, एक सेकंद वाट पाहून मगच असा शोध घेतो. बहुतेक खोळंबे तोवर आपोआप सुटतात.

आगगाडी मात्र अशी पुसता येत नाही. रोहा ते ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा कोकण रेल्वेमार्ग जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाला. रोहा-वीर हा भाग २०२१ मध्ये दुहेरी झाला; बाकी मार्ग मुख्यतः एकेरीच आहे. गाड्या एकमेकींना फक्त स्थानकांवर ओलांडू शकतात. समजा, शेजारशेजारच्या दोन स्थानकांत प्रत्येकी दोनच रूळ आहेत. उत्तरेकडच्या स्थानकात दक्षिणेला जाणाऱ्या दोन गाड्या आणि दक्षिणेकडच्या स्थानकात उत्तरेला जाणाऱ्या दोन गाड्या येऊन थांबल्या, तर मधला मार्ग मोकळा असूनही एकही गाडी पुढे सरकणार नाही. सिग्नल टक्कर टाळतो, कोंडी नाही. म्हणून गाडी सोडण्यापूर्वीच पुढे एक रूळ रिकामा उरेल ना, हे पाहावे लागते. 'पुढचे पाऊल टाकल्यावर सर्वांना सुटण्याची वाट शिल्लक राहते का?' हा विचार डाइक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये सावध सावकाराच्या रूपात मांडला होता. सर्व कर्जदारांची गरज पुढेमागे भागवता येईल अशी खात्री असेल, तरच तो सावकार नवे कर्ज देतो.

वर्गात हा प्रयोग जरूर करा. चार विद्यार्थी टेबलाभोवती बसवा. दर दोघांमध्ये एक याप्रमाणे चार वस्तू ठेवून त्यांना ओळीने १ ते ४ क्रमांक द्या. दोन्ही बाजूंच्या वस्तू हाती आल्या की विद्यार्थ्याने एक ओळ लिहायची आणि वस्तू परत ठेवायच्या. आधी सर्वांना एकदम उजवीकडची वस्तू उचलू द्या, सगळे अडकतील. मग 'लहान क्रमांक आधी' हा नियम लावा. आणि शेवटी विचारा : गल्ली एकदिशा केली, तर चारपैकी कोणती अट मोडते?